हक्कसोड

वहीच्या पहिल्या पानावर ह्यांनी रकाने आखले :
पाऊस, वीज, डांबरी, दवाखाना, एकरी दर.
बत्तीस वर्षं चिंचवडला गेज तपासलेला माणूस
आता तालुके तपासायला निघाला,
शेजारच्या सीटवर मी, मांडीवर डबा.

पाटणला गेलो ऐन श्रावणात.
डोंगर दाखवतो म्हणाले, तो ढगानं आत घेतलेला.
भिंती हिरव्या, बरणीत मिठाचं पाणी,
चुलीवरच्या दोरीला पोरांचे शाळेचे मोजे.
"पेटीतलं लुगडंबी बुरसतं हितं," बाई हसत म्हणाली.
ह्यांनी रकान्यात लिहिलं : भरपूर.

वाईत एजंटाच्या गाडीला एसी होता.
धरणाचं पाणी त्यानं काच खाली करून दाखवलं,
गुंठ्याचा दर सांगताना
काच वर केली.

पलूसकडं कृष्णाकाठी माती अशी काळी
की चप्पल काढून चालावंसं वाटलं.
घर विकायला काढलेल्या गृहस्थांच्या भिंतीवर
माझ्या डोक्याच्या वर एक मातकट रेघ,
तिच्यावर कॅलेंडर.
"खिळा नेमका तिथंच होता," ते म्हणाले.
आम्ही चहा घेतला. रेघेखाली बसून घेतला.

जतला चंद्राक्कानं बोटं मोजली :
तीन बोअर, शेवटचं साडेपाचशे फूट.
"धूळ आली वर. नीरू इल्ला."
आणि घागर तिरकी करून
तांब्या काठोकाठ भरून दिला.
तो अर्धा ठेवावा की संपवावा
ह्यासाठी वहीत रकाना नव्हता.

मग खटाव. मायणीच्या अलीकडं
अंकुश झिमलनं गाडी मधेच थांबवली.
अडीच एकर मुरमाड माळ, कडेला दोन लिंब,
निम्म्या विहिरीत पारवे.
कालव्याचं पाणी येणार,
येणार हे त्याच्या बापानंही ऐकलेलं.
ह्यांनी पावसापुढं फुली मारली, पान उलटणार
तेवढ्यात मी खाली बसले, मूठभर उचलली.
तसाच रंग, तोच खडा.
माझं माहेर इथून पाऊण तासावर,
विट्याच्या पुढं.
"हीच," मी म्हटलं.
ह्यांनी फुलीकडं बघितलं, वही मिटली.

तलाठ्यानं दोघांना खुर्च्या दिल्या.
"शेतकरी असल्याचा पुरावा?"
ह्यांचे वडील शिंपी. आजोबाही शिंपी.
"मग मॅडमच्या वडिलांची जमीन?"
होती.
"उताऱ्यावर नाव?"
होतं.

एक्क्याण्णव साल, भाऊबीजेचा दुसरा दिवस.
आम्ही तिघी बहिणी, कचेरीची पायरी,
भावानं आणलेले पेढे, मोरपंखी साडी.
त्यानं बोट ठेवलं तिथं तिथं सही केली.
कागदावर काय होतं
मी पाहिलंही नाही,
काठ खरा की टेस्टर ते बघत होते.

तलाठी तसा बरा माणूस.
"त्या दिवसापर्यंत तुम्ही शेतकरी होता," म्हणाला,
आणि पंख्याचा वेग वाढवला.

परतताना झिमल बराच वेळ गप्प.
मग म्हणाला, "गावठाणात बघायचं का?
तिथं दाखला लागत न्हाई."

साडेतीन गुंठे. एक पडवी, एक शेवगा.
विकणारी वच्छलाबाई तुपे, लेकाकडं कुर्डुवाडीला निघालेली.
"नाव कुणाचं लावायचं?"
ह्यांनी खिशातून वहीचं पेन काढलं,
माझ्याकडं दिलं.

निबंधक कार्यालयात अकरा पानं.
"सही करा, वाचायचं काय त्यात,
सगळं छापील असतंय," कारकून म्हणाला.
मागची रांग कुरकुरली.
मी चष्मा पदराला पुसला,
चतुःसीमेपासून पुन्हा सुरुवात केली :
पूर्वेस गावरस्ता.
दक्षिणेस ओढा, पावसाळ्यापुरता.
पश्चिमेस